अकरा पुड्या

मुरली खैरेनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "पंच बिचारा अडाणी होता. त्याचा काय दोष?"

मी चौथ्या रांगेत बसलो होतो. शेजारच्या बाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या मनगटावर हलकेच थोपटलं. तो पंच मीच, हे त्यांना ठाऊक होतं. दारातच प्रत्येकाच्या छातीवर चिठ्ठी लावली होती आणि माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : गेणू सोनटक्के, पंच साक्षीदार.

मी मान खाली घातली. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एका सभागृहात जनसुनावणी भरली होती. देशभरातल्या वीसेक संस्था जमल्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नशा करणारा हा आजारी माणूस आहे, त्याला दवाखान्यात न्या, तुरुंगात नको. आपला कायदा एवढा कडक झाला तो जगातल्या देशांनी आपसांत केलेल्या करारांमुळं. तेव्हा नुसतं दिल्लीला सांगून भागायचं नाही, जगाच्या चावडीवर जाऊन सांगायला पाहिजे. ती चावडी परदेशात व्हिएन्ना म्हणून गाव आहे तिथं दर वर्षी बसते. तिथं एक निवेदन जाणार होतं आणि त्या निवेदनात, या कायद्यात भरडलेल्या बारा माणसांच्या हकिकती. मुरली त्या बारांतला एक.

त्यासाठी तो आमच्या गावाहून रात्रभर एसटीत बसून आला होता. बहीण शेवंता त्याच्याबरोबर होती. त्यानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. माझ्या हातची इस्त्री नव्हती. तुरुंगातून सुटून आल्यापासून तो माझ्या दुकानावरून रोज जायचा, मान हलवायचा, पण कापड कधी टाकलं नाही.

"मी मागावर होतो," मुरली सांगत होता. "यंत्रमागावर. बारा-बारा तास. पाय सुजायचे. जोडीदार म्हणाला, जरा ओढ, पाय कळणार नाहीत. खरंच कळंनात. मग ते न ओढता काहीच कळंना. गर्दचं तसंच असतंय. लोक गर्दुल्ला म्हणायचे. म्हणू देत, मी होतोच. पण मी विकत नव्हतो. मला प्यायलाच पुरत नव्हतं, विकणार कुठनं?"

सभागृहात थोडे लोक हसले. तोही हसला. पुढचे चार दात नव्हते.

"एका पुडीला पकडला मला. पंचनाम्यात अकरा लिहिल्या. पाव ग्रॅमच्या आत असतं तर वर्षाच्या आत सुटलो असतो. वर गेलं की दहा वर्षं. जज्जसाहेब चांगला माणूस होता. निकाल देताना म्हणाला, खैरे, दहाच्या खाली यायची मला मुभा नाही. माझे हात बांधलेत. मला हेच सांगायचं आहे. जज्जाचे हात कोणी बांधले ते बघा. बाकी कोणावर माझा राग नाही."

आणि मग ते पंचाचं वाक्य बोलून तो खाली बसला. टाळ्या झाल्या. मंचाच्या कडेला मृणालताई उभ्या होत्या, तिशीच्या वकील. त्यांनी मला खुणेनं सांगितलं : तयार राहा, आता तुम्ही.

दोन महिन्यांपूर्वी जुन्या खटल्याच्या कागदांत माझं नाव सापडलं म्हणून मृणालताई माझ्या दुकानावर आल्या होत्या. पुस्तकं लिहिणारे लोक विचारतात तसं त्यांनी आधी माझ्या कोळशाच्या इस्त्रीचं वजन विचारलं, मग मुद्द्यावर आल्या.

"काका, पंचनाम्यावर सही केलीत तेव्हा तुम्हाला वाचता येत होतं?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं?"

"नाही."

"एवढंच सांगायला याल? दोन वाक्यं. मुरलीभाऊंच्या हकिकतीला तुमच्यामुळं बळ येईल."

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. पुढचं त्यांनी विचारलं नाही. खटल्याचे कागद अर्धे कुजले होते, माझ्या साक्षीची पानं त्यांना मिळालीच नव्हती.

पंचनामा झाला ती सकाळ मला स्वच्छ आठवते. माझं दुकान पोलीस ठाण्याच्या समोर. ठाण्याचे खाकी कपडे माझ्याकडं यायचे. त्यामुळं पंच पाहिजे झाला की जमादार रस्त्याच्या अलीकडं बघून हाक मारायचा, "गेणू, ये रे अंगठा घेऊन." इतकी वर्षं मी असाच जायचो, अंगठा टेकवायचो आणि परत येऊन इस्त्री फिरवायचो. कापड करपलं नाही म्हणजे झालं.

पण त्या वर्षी आमच्या आळीत साक्षरतेचा वर्ग निघाला होता. मानेबाई शिकवायच्या. शाळामास्तरांच्या विधवा, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. बेचाळीस वर्षांचा मी मांडी घालून पाटी घेऊन बसायचो. सगळ्यांत आधी त्यांनी सही शिकवली. सही म्हणजे माझ्या लेखी चित्रच होतं, एक-एक अक्षर वेगळं काढलं तर मला ओळखता येत नव्हतं. पण चित्र सुरेख जमलं होतं.

म्हणून त्या सकाळी जमादारानं हाक मारली, तेव्हा मी म्हणालो, "अंगठा नाही, सही करतो."

"अरे वा. साहेब झालास की," जमादार म्हणाला.

व्हरांड्यात मुरली भिंतीला टेकून बसला होता. पंचवीस वर्षांचं पोर, अंगात ताप असल्यासारखं थरथरत होतं. जमादारानं त्याच्या खिशातून चंदेरी कागदाची एक पुडी काढली, माझ्यासमोर उघडली. आत तपकिरी भुकटी होती, चिमटीभर. मग तो लिहीत बसला. मी पेन हातात मिळायची वाट बघत उभा होतो. मिळालं. मी सही केली, णूच्या उकाराची शेपटी थोडी लांब गेली म्हणून हळहळलो आणि परत आलो. त्या कागदावर काय आहे हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. सहीच तेवढी होती माझ्या डोक्यात.

इथपर्यंत मी अडाणीच होतो. इथपर्यंत मुरली म्हणाला ते खरं होतं.

"श्री. गेणू सोनटक्के," मृणालताईंनी नाव पुकारलं.

मी उठलो. मंचावर एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष म्हणून बसले होते. शांत गृहस्थ, प्रत्येकाचं बोलणं स्वतःच्या हातानं टिपून घेत होते. मी माईकपुढं उभा राहिलो आणि मला पाठ असलेली दोन वाक्यं म्हटली. पंचनाम्याच्या वेळी मला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय ते मला कोणी वाचून दाखवलं नाही.

टाळ्या सुरू झाल्या. मी उतरायला वळलो.

"थांबा जरा," न्यायाधीश म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "खटला उभा राहिला तेव्हा तुम्हाला साक्षीला बोलावलं असेल ना?"

"होय."

"कोर्टात तुम्ही काय सांगितलंत?"

 आठवत नाही म्हणता आलं असतं. वीस वर्षांवरची गोष्ट, माझं वय पासष्ट, कोणी खोटं म्हटलं नसतं. मी मुरलीकडं बघितलं. पहिल्या रांगेत तो बसला होता. त्यानं माझ्याकडं बघत मान हलवली. इकडून तिकडं, अगदी थोडी. नको.

तेव्हा मला कळलं की अडाणी पंचाचं ते वाक्य तो समजून-उमजून बोलला होता. साक्ष झाली तेव्हा तो आरोपीच्या पिंजऱ्यातच उभा होता. त्यानं सगळं कानांनी ऐकलं होतं.

मी सांगितलं. सांगताना थांबत-थांबत सांगितलं असेल. इथं सलग लिहितो.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. तोवर मी वर्तमानपत्र वाचायला लागलो होतो. नुसतं वाचत नव्हतो तर मोठ्यानं वाचत होतो, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. मानेबाईंचा मी पहिल्या नंबरचा विद्यार्थी. ज्या दिवशी साक्ष होती त्याच दिवशी दुपारी जिल्ह्याच्या गावी साक्षरतेचा मोठा कार्यक्रम होता आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर एक उतारा वाचायला सगळ्या तालुक्यातून माझी निवड झाली होती. एकाच गावी दोन कामं, म्हणून मानेबाई आणि मी सकाळच्या एसटीनं बरोबरच गेलो. बाई म्हणाल्या, "तुमचं कोर्ट उरकू दे, मी मागं बसते. कोर्ट मी कधी पाहिलं नाही."

कोर्टाच्या व्हरांड्यात शेवंतानं मला गाठलं. तेव्हा ती विशीतली, कडेवर तान्हं मूल. तिनं माझे पाय धरले.

"मामा, वकीलसाहेब म्हणालेत, सगळं तुमच्यावर हाय. एक पुडी असली तर वरीसभर, आणि आत दोन वर्सं काढलीच की त्यानं, आजच सुटंल. अकराला दहा वर्सं. तुम्ही तेवढं खरं सांगा, तवा वाचता येत नव्हतं म्हणून."

"सांगतो की," मी म्हणालो. "ऊठ. खरं सांगायला काय लागतंय?"

मनातही तेच होतं. हे मी शपथेवर सांगेन, पण माझ्या शपथेला काय अर्थ आहे ते पुढं कळेल.

सरकारी वकिलांनी सही दाखवली, ही तुमचीच का विचारलं, मी हो म्हणालो. मग मुरलीचे वकील उठले, कुलथे म्हणून. कोर्टानं दिलेले वकील, कोट विटलेला, घाईत. त्यांना माझ्याशी वैर नव्हतं. आपल्या अशिलाला सोडवायचं होतं त्यांना आणि सुटायची वाट माझ्या अडाणीपणातून जात होती.

"तुमचं शिक्षण किती?"

"शाळेत गेलो नाही."

"म्हणजे तुम्ही अंगठाबहाद्दर."

मागं कोणीतरी हसलं. एक नाही, दोघं-तिघं. मी मागं बघितलं. मानेबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर माझ्या उताऱ्याचा कागद घेऊन. त्या हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा पडला होता.

"अंगठा नाही, सही आहे," मी म्हणालो.

"सही काय, पोपटालाही शिकवता येते," कुलथे वकील म्हणाले. "मी असं म्हणतो की तुम्हाला अक्षरओळख नाही. या कागदावर काय आहे ते तुम्हाला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. खरं की नाही?"

त्यांनी उत्तर हातात आणून ठेवलं होतं. तेव्हा येत नव्हतं, आज येतं. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मला वाचता येतं."

"येतं? वाचा मग."

त्यांनी पंचनामा माझ्या हातात दिला. मला अडखळताना सगळ्यांनी बघावं असा त्यांचा बेत असणार. मी कागद धरला. घसा साफ केला, बाईंनी शिकवलं होतं तसा. आणि वाचू लागलो.

जमादाराचं अक्षर वाईट होतं, तरी मी थांबलो नाही. 'आम्ही खाली सह्या करणार पंच' इथून सुरू केलं. स्वल्पविरामाला थांबलो, पूर्णविरामाला श्वास घेतला. कोर्टातली कुजबुज बंद झाली. टंकलेखन करणारा माणूससुद्धा हात थांबवून ऐकू लागला. 'सदर इसमाच्या अंगझडतीत' हे शब्द आले. मग 'चंदेरी कागदाच्या एकूण अकरा पुड्या' आलं. मी ते वाचलं. अकरा. जोडाक्षर नाही, सोपा शब्द. तो खोटा आहे हे मला वाचता वाचताच कळलं होतं. पण मी ओळीच्या मध्ये होतो आणि ओळ चांगली चालली होती. मी थांबलो नाही.

वाचून झालं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "छान वाचता," ते म्हणाले.

कुलथे वकील घाबरले. म्हणाले, "हे आज. पण त्या दिवशी तुम्ही न वाचताच सही केलीत."

मागं बाई बसल्या होत्या. दुपारी जिल्हाधिकारी यायचे होते. त्या दिवशी न वाचताच सही केली म्हणजे सही पोपटाचीच ठरत होती.

"वाचून केली," मी म्हणालो.

"यात लिहिलंय ते सगळं बरोबर आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"होय साहेब."

मुरली पिंजऱ्यात उभा होता.  शेवंताचं मूल रडायला लागलं आणि शिपायानं तिला बाहेर काढलं.

दुपारी मी उतारा वाचला. तोही छान झाला. जिल्हाधिकाऱ्यांनी शाल घातली. परतताना एसटीत मानेबाई म्हणाल्या, "आज तुम्ही माझी मान उंच केलीत." अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, "गेणूभाऊ, त्या पंचनाम्यावर तुम्ही सही केली त्या महिन्यात आपण काना-मात्रेवर होतो ना?" मी म्हणालो, आठवत नाही. पुढं त्यांनी कधी विचारलं नाही. वर्गही पुढच्या वर्षी त्यांनी बंद केला. पायदुखीचं कारण सांगितलं.

पुण्याच्या सभागृहात मी हे सगळं बोलून थांबलो. मग मागून एका तरुणानं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझ्या दोन वाक्यांनंतर वाजल्या होत्या त्यापेक्षा जास्त. खाली उतरताना मला हलकं वाटत होतं, ते लपवत नाही. वीस वर्षांचं गाठोडं उतरलं असं वाटलं. शेजारच्या बाई उभ्या राहून मला बसायला जागा करून देत होत्या.

न्यायाधीश मात्र टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी मृणालताईंना जवळ बोलावलं. माईक चालूच होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं.

"हे प्रकरण आता निवेदनात घेता येणार नाही."

"का सर? दहा वर्षांची शिक्षा तर खरीच आहे."

"आहे. पण आपण म्हणतोय, दोष कायद्याचा. तिकडं सरकारचे प्रतिनिधी बसलेले असतील. ते म्हणतील, कायद्याचं काय चुकलं, एका साक्षीदारानं खोटं सांगितलं, एवढंच. आणि त्यांना उत्तर देता येणार नाही. एका प्रकरणावरून सगळं निवेदन उडवतील."

मृणालताईंनी पुन्हा काही सांगून पाहिलं. मग त्यांनी मुरलीच्या नावाचा कागद गठ्ठ्यातून बाजूला काढला. राखीव म्हणून इंदूरच्या एका बाईंची हकिकत होती, त्यांना हाक गेली.

मुरली उठून बाहेर गेला. शेवंता त्याच्या मागं. मी त्यांच्या मागं गेलो. आवारात चहाची टपरी होती, तिथं तो बाकावर टेकला होता. शेवंता माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी पिशव्या घेऊन येते," आणि गेली.

"मुरली," मी म्हणालो.

"बसा मामा. चहा घ्या."

मी बसलो. त्यानं खरंच दोन चहा सांगितले.

"मी मान हलवली होती," तो म्हणाला. "बघितलीत ना?"

"बघितली."

"मग?"

"खोटं बोलवेना रे. तू माझ्यावर पांघरूण घालत होतास."

"तुमच्यावर?" तो हसला. "मामा, तुमच्यावर कशाला घालू? मी माझं काम करत होतो. अडाणी पंच म्हटलं की सगळे कायद्याकडं बघतात. मला ते कायद्याकडंच बघायला पाहिजे होते. रात्रभर बसून मी एवढंच सांगायला आलो होतो. तुम्ही बोललात आणि सगळे तुमच्याकडं बघायला लागले."

चहा आला. मी पेला नुसता धरून बसलो.

"त्या दिवशी पण असंच झालं," तो म्हणाला. "सगळं कोर्ट तुमच्याकडं बघत होतं. मी पण बघत होतो. खोटं कशाला सांगू, काय वाचलंत मामा. मला वाटलं, हा माणूस आता माझ्यासाठीच वाचतोय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी आत जाऊन सांगतो त्यांना," मी म्हणालो. "माझं बोलणं काढून टाका म्हणतो."

"आता नको. बसा. त्या बाईचं चाललंय, तिला बोलू द्या."

शेवंता पिशव्या घेऊन आली. दोघं एसटी स्टँडकडं गेले. मी त्यांच्याबरोबर जाणार होतो, तिकीटही एकाच गाडीचं होतं. मी दुसऱ्या गाडीनं गेलो.

चार महिन्यांनी टपालानं पुस्तिका आली. निवेदन व्हिएन्नाला पोहोचलं होतं आणि त्याचा मराठी अनुवाद मृणालताईंच्या संस्थेनं छापला होता. चाळीस पानं. मी दुकान बंद केलं आणि एका बैठकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मुरलीचं नाव कुठंच नव्हतं. शेवटच्या पानावर आभार होते. त्यात लिहिलं होतं : सत्य सांगण्याचे दुर्मीळ धैर्य दाखवणारे श्री. गेणू सोनटक्के.

दोन दिवस मी ती पुस्तिका इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुरलीच्या घरी गेलो. तो दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होता, मागवाल्यांचं घरी आणलेलं काम. माझ्या हातातलं बघितलं आणि ओळखलं.

"आलं का?"

"आलं."

"आमचं आहे काही?"

"नाही."

"बरं." त्यानं कांडी फिरवली. "तुमचं?"

खोटं बोलायची मला पुन्हा संधी होती. "आहे. शेवटच्या पानावर. आभारात."

"काय म्हणतात?"

"धैर्य म्हणतात."

आतून शेवंतानं भांडं आपटलं.  सूत तुटलं होतं, ते मुरली थुंकी लावून जोडत होता. मग म्हणाला, "कायद्याचं काय लिहिलंय ते सांगा."

"तूच वाच की. तुरुंगात शिकवायला यायचे ना?"

"यायचे. मी बसलो नाही. अक्षरांवरनं मन उडालं होतं."

मी चष्मा लावला. पान काढलं. इंदूरच्या बाईंच्या हकिकतीखाली मागणी छापली होती. मी वाचली : नशा करणाऱ्या व्यक्तीला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत. किमान शिक्षेची सक्ती काढावी. किती शिक्षा द्यायची, हे समोरचा माणूस बघून ठरवायला न्यायाधीशाचे हात मोकळे असावेत.

मुरलीनं कांडी खाली ठेवली.

"हात मोकळे," तो म्हणाला. "असंच लिहिलंय?"

"असंच."

"हे मी बोललो होतो."

"होय."

"कोणाच्या नावानं आहे?"

"इंदूरच्या त्या बाईंच्या."

 शेजारच्या घरातला माग सुरू झाला, त्याचा खडखडाट भिंतीतून यायला लागला.

"असू दे," तो म्हणाला. "लिहिलंय ना."

मी पुस्तिका मिटायला लागलो. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"मिटू नका. जरा मोठ्यानं वाचा परत. मागाच्या आवाजात ऐकू येईना."